निफाडचा बर्फ, नाशिकचा रस्सा

आमच्या अलिबागेत थंडी पडली हे कळतं ते पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा-कोंबडीचा बेत, लावणाऱ्यांमुळे. एरवी जानेवारीतही दुपारी घाम येतो. त्यामुळे दरवर्षी या दिवसांत मोबाइलवर फिरणारा तो व्हिडिओ मी हटकून बघते. पांढरं पडलेलं गवत, मोटरसायकलच्या सीटवर पांढरा थर आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "निफाडला बर्फ पडला!" यंदा तो नाशिकच्या मामेभावाला पाठवला आणि विचारलं, खरंय का रे दादा? उत्तर आलं, "बर्फ-बिर्फ काही नाही, दव गोठतं. बघायचं असेल तर आत्ताच ये, ढग आले की संपलं. आणि येताना सुकट आण."

सुकट तीन पिशव्यांत गुंडाळली, तरी एसटीतल्या निम्म्या लोकांना कळलंच. कसारा घाट चढून इगतपुरी आली आणि मागच्या बाकावरच्या बाईंनी कुणाला न विचारता हात लांब करून माझी खिडकी ओढून घेतली. तोवर मी वाऱ्याचं कौतुक करत बसले होते.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच. ही उंची काही फार नाही, माथेरान त्याहून वर आहे. पण आमच्याकडे समुद्र रात्रभर ऊब धरून ठेवतो. इथे हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यात उत्तरेकडून वारा. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. म्हणून दुपारी टोपी घालून फिरलेला माणूस संध्याकाळी सात वाजता मफलर शोधतो. एकाच दिवसात दोन ऋतू असल्यामुळे इथल्या खाण्याचंही वेळापत्रक आहे, हे मला हळूहळू कळत गेलं. सकाळी तिखट, दुपारी गार, रात्री दूध.

वहिनींनी दारातच माझ्या अंगावरचं जाकीट दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तिकडे समुद्रावर घाला. चला." तिबेटी स्वेटरवाल्यांचे स्टॉल हिवाळा आला की लागतात. तिथल्या मावशी माझ्याशी हिंदीत आणि वहिनींशी मराठीत बोलत होत्या. दर अर्थातच मराठीत खाली आला. कानटोपी मात्र वहिनींनी स्वतः निवडली, लाल, वर गोंडा असलेली. या वयात गोंडा कशाला, असं मी म्हणून बघितलं. "कान झाकल्याशी मतलब," एवढंच उत्तर मिळालं.

मिसळीसाठी दादानं मला साडेसहाला उठवलं. नऊनंतर गेलं तर पोट हातात धरून उभं राहावं लागतं, असं त्याचं म्हणणं. आम्ही गेलो बारदान फाट्याकडे, साधनाच्या चुलीवरच्या मिसळीला. चुलीवर रश्श्याची मोठी पातेली, लाकडाचा धूर, आणि आत जायच्या आधी तिथेच दोन मिनिटं घुटमळून हात शेकणारी माणसं. मीही शेकले.

नाशिकची मिसळ पुढ्यात येते ती सुटी. वाडग्यात मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव. बाजूला रश्श्याची वेगळी वाटी, तिच्यावर बोटभर तर्री. कांदा, लिंबू, दही, पापड, पाव, आणि शेवटी जिलेबी. किती ओतायचं ते तुमच्या जिवावर. मी अर्धी वाटी ओतली. शेजारच्या टेबलावरचे आजोबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी स्वतःची वाटी उपडी केली, पापड चुरून वर टाकला, "रस्सा आण रे" अशी हाक दिली आणि मगच पहिला घास घेतला. रस्सा पुन्हा पुन्हा मिळतो आणि तो पिण्याचाच पदार्थ आहे, हे त्यांच्याकडे बघून समजलं. तिसऱ्या घासाला कानातून वाफ निघाली, पाचव्याला कानटोपी निघाली.

दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या अंबिकाची मिसळ खाल्ली. तिचा रस्सा काळा. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईतो भाजल्याचा रंग तो. तिखट जिभेवर आदळत नाही, घशात गेल्यावर हळूच कळतं. नाशिककरांना कुठली मिसळ चांगली हे विचारू नये, घरात भांडण लागतं. दादा चुलीवाल्यांच्या पक्षात, वहिनी काळ्या रश्श्याच्या. माझं मत वहिनींकडे. चुलीची मजा निम्मी धुरात आणि शेकण्यात आहे. काळा रस्सा बंद खोलीत बसून खाल्ला तरी तेवढाच लागेल.

पंचवटीतून गोदाघाट पायी दहा मिनिटांवर. थंडीत देवळं बघायची तर खरी परीक्षा तळपायांची. काळाराम मंदिर काळ्या दगडाचं, त्याचं अंगणही दगडी. सकाळी सातला त्या फरशीवर अनवाणी उतरल्यावर मी प्रदक्षिणा घातली म्हणण्यापेक्षा पळाले. पूर्व दरवाजाशी मात्र थांबले. 1930च्या 2 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो याच देवळात शिरण्यासाठी, आणि तो पुढे काही वर्षं चालला. दरवाजे बंद ठेवून बसलेलं ते आवार आज सकाळी इतकं मोकळं, झाडूच्या आवाजापुरतं होतं.

रामकुंडावर त्या थंडीतही माणसं डुबकी मारत होती. एक काका पाण्यात उभे राहून पायरीवरच्या बायकोला हाक मारत होते, "अगं, आत गरम आहे!" काकू हलल्या नाहीत. काका खोटं बोलत नव्हते म्हणा, पहाटे बाहेरच्या हवेपेक्षा पाणी कोमटच असतं. अडचण बाहेर आल्यावर सुरू होते. जवळच दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी त्याच्या कुठवर चढलं यावर नाशिककर पुराचं माप सांगतात. आत्ता त्याच्या पायाशी कपडे वाळत होते.

नारोशंकराच्या देवळाची घंटा मला मुद्दाम बघायची होती. पोर्तुगीजांची घंटा ती, 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्यानंतर इकडे आलेली. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावरून घाट चढून आलेली वस्तू म्हणून तिला हात लावून बघावासा वाटला, पण ती वर टांगलेली आहे. आणि दादा घाई करत होता, कारण बुधवार होता.

बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. हिवाळ्यातला हा बाजार म्हणजे नुसती चैन. मटार, गाजरं, हरभऱ्याचे टहाळे, ओल्या तुरीच्या शेंगा, बोरं, उसाची कांडकी. एका मावशींच्या पुढ्यात फक्त मेथी होती, ओली, दवानं जड झालेली. जुडी उचलली की मनगटावरून बाहीत पाणी. "झटकू नको बाई," मावशी म्हणाल्या, "पाण्यानंच ताजी राहते." वजनालाही तेच पाणी चालतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. पण मेथी जुडीवर विकतात, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

तिथून वर भांडी बाजार, सराफ बाजार. गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन दहा वाजेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच अडकलेलं. तांब्याचा हंडा ठोकणाऱ्या एका कारागिराच्या दाराशी आम्ही बराच वेळ उभे होतो. हंडा पायात धरून एका हातानं फिरवायचा, दुसऱ्या हातानं हातोडी. दोन ठोक्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजता येत नाही, पण हंड्यावर उमटणारे ठिपके ओळीत. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "थंडीत हात बसायला वेळ लागतो, म्हणून आधी लहान भांडी, मोठी उन्हं आल्यावर." मग बुधा हलवाईंची जिलेबी, कागदावर, बोटं पोळणारी. मेनरोडला सायंताराचा साबुदाणा वडा. या दोन्हींबद्दल लिहायला फार काही नाही, कारण बोलायच्या आत संपले. घरी न्यायला कोंडाजींचा चिवडा घेतला. तो थंडीत खायचा की उन्हाळ्यात यावर वाद नाही.

पांडवलेण्यांच्या पायऱ्या आम्ही दुपारी चढलो. वहिनी आल्या नाहीत, "लग्न झाल्यावर एकदा बघितलंय" म्हणाल्या. त्रिरश्मी डोंगरातली ही 24 लेणी, दोन हजार वर्षांच्या आसपासची. दादा आयुष्यभर बँकेत होता, त्यामुळे त्याला बुद्धमूर्तींपेक्षा दहाव्या लेण्यातला लेख आवडतो. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं इथल्या भिक्षूंसाठी 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले. दिले म्हणजे हातात नाही, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमच्या ठेवीत. पैकी 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज. त्यातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यापुरतं, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, वस्त्रांसाठी. "कर हिशोब," दादा म्हणाला. महिन्याला वीस, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. मुद्दल जागच्या जागी, व्याज शेवटच्या नाण्यापर्यंत खर्ची. अंगावरच्या कापडाची सोय इतकी चोख लावलेली बघून मला तिबेटी मावशींशी घातलेली घासाघीस आठवली. गोवर्धन गाव अजूनही आहे, गंगापूर रस्त्याला.

आता निफाड.

दादाच्या मित्राची द्राक्षबाग तिकडे आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी फोनवर सांगितलं होतं, "ताईंना दव बघायचं असंल तर पाचच्या आत या. सूर्य निघाल्यावर काय उपयोग नाही." आम्ही पावणेपाचला पोचलो. अंगावर माझं सगळं सामान होतं, म्हणजे सूटकेसमध्ये काहीच उरलं नव्हतं. गाडीतून उतरले आणि आधी डोळ्यांत धूर गेला. बागेच्या बांधावर जागोजागी शेकोट्या, पालापाचोळा मुद्दाम ओलसर ठेवलेला, ज्वाळा नाही, नुसता धूर. थंड हवा जड, ती खाली साचते. वरच्या थरात हवा त्यामानानं उबदार असते, म्हणून हा धूर वर उडून जात नाही, वेलींवर पांघरुणाला राहतो. जोडीला ठिबक चालू. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कितीतरी ऊबदार. नळीला हात लावला तर बरं वाटलं.

"बर्फ कुठाय?" मी विचारलं. अण्णांनी बॅटरी खाली केली. गुरांसाठी लावलेल्या घासाची पट्टी होती. पानांच्या कडेकडेनं पांढरे कण, मिठागरात पहिलं मीठ धरतं तसे, बारीक, टोकदार. नखानं खरवडले तर निघाले आणि नखावरच पाणी झाले. एका पानावर दवाचा थेंब तसाच गोल, पण घट्ट. बोटानं ढकलल्यावर तो घरंगळला आणि मातीवर पडून राहिला, फुटला नाही. मोटरसायकलच्या सीटवर मी व्हिडिओतल्या मुलासारखं बोटानं नाव लिहिलं. लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

त्या पहाटे निफाडचा पारा पाचाच्या खाली होता. मग पाणी गोठलं कसं, कारण त्याला शून्य लागतं, हा माझा प्रश्न. उत्तर अण्णांकडे तयार होतं. हवामानाचा आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. तिथला तापमापक पांढऱ्या पेटीत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. पान त्याच्याहून खाली, उघड्या आभाळाखाली, त्यामुळे ते आणखी काही अंश गार पडतं. पेपरात छापून येतो तो पेटीचा आकडा. पिकाचा आकडा वेगळा.

अण्णांनी चहा दिला, गुळाचा, स्टीलच्या पेल्यात. पेला दोन्ही हातांत धरून मी उत्साहात म्हणाले, की आमच्याकडे हे कुणाला खरं वाटणार नाही. अण्णा हसले. "ताई, तुम्हाला फोटोला बरंय. आमच्या मण्याची फुगवण थांबती." मग ते घड दाखवायला घेऊन गेले. बरेच घड वर्तमानपत्रात गुंडाळलेले. आधी वाटलं थंडीसाठी पांघरूण घातलंय. तसं नाही. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे तो पिकायला लागायच्या वेळी अशी थंडी आली की द्राक्षाची हिरवी थॉमसन जात गुलाबी पडते, तिला इथे सगळे पिंक बेरीच म्हणतात. चवीला काही होत नाही, पण परदेशात जाणाऱ्या पेटीत ती चालत नाही. म्हणून पाणी उतरायच्या आधीच एकेका घडाला कागद लावायचा. सबंध बागेतल्या एकेका घडाला. अण्णांच्या सूनबाई हात दाखवत म्हणाल्या, "शाई निघत नाही बघा आठवडाभर." बोटांची पेरं खरंच काळी होती.

वर आणखी मणी तडकायची भीती, भुरी या बुरशीच्या रोगाची भीती. हे सगळं ऐकून मी थंडीला नावं ठेवायला लागले, तर पलीकडच्या बांधावरून अण्णांचे चुलतभाऊ आले. त्यांच्याकडे गहू. ते म्हणाले, "राहू द्या अजून पंधरा दिवस. ओंबी अशी भरती का बघत राहावं." गव्हाला थंडी पाहिजेच, हरभऱ्यालाही चालते. एक बांध, अलीकडे शेकोट्या आणि पलीकडे आनंद. दोघं चहा मात्र एकाच किटलीतला पीत होते, आणि माझ्यादेखत एकमेकांच्या पिकाला चिडवत होते.

उजाडल्यावर तिथूनच नांदूरमध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे झालेली पाणथळ जागा. 2020 साली ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. पाण्यावर धुकं इतकं की पहिला अर्धा तास फक्त आवाज. मग एकेक करून चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं दिसायला लागली. पाहुणे तेही, उत्तरेतून थंडीलाच कंटाळून आलेले. मनोऱ्यावर उभं राहून मी चिवड्याचं पाकीट फोडलं. आमच्या गाइडनं हात पुढे करून आधी मूठभर घेतला आणि मगच सांगितलं की इथे खायला परवानगी नसते, कचरा होतो. पाकीट पिशवीत गेलं.

हुरडा खाल्ला सिन्नरच्या बाजूला, एका शेतात. आमची पोपटी मडक्यात लागते, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडकं उपडं होईतो आत काय शिजलंय ते कळत नाही. हुरड्यात लपवाछपवी नाही. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी, तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची. कणीस बाहेर आलं की ते गरम असतानाच तळहातांवर चोळायचं. हे काम करणाऱ्या काकांचे तळवे मी बघून घेतले, माझे तसे नाहीत. एक कणीस चोळलं आणि सोडून दिलं. दाणे फुंकून ताटलीत, सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. काका सांगत होते की गूळभेंडी ज्वारीचा हुरडा खरा गोड. माझ्या मते पहिल्या चार मुठी नुसत्याच खाव्यात, चटणीला हात लावायचा तो पाचवीपासून. जेवायला पुन्हा बाजरीची भाकरी आणि भरीत होतं, ते वाढलं तेव्हा माझ्यात जागा उरली नव्हती. तरी भाकरीवर लोण्याचा गोळा बघून अर्धी घेतली. परतताना सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर बघितलं. इतकं सुंदर हेमाडपंती देऊळ असं जेवून सुस्तावलेल्या डोळ्यांनी बघायला नको होतं, त्याला स्वतंत्र दिवस द्यायला हवा.

रात्री गावात कढईतलं दूध. कोपऱ्यावरच्या गाड्यावर रुंद कढई, मंद आच, कडेला साईचा थर. दूधवाला झाऱ्यानं ती साय कडेवरून सोडवून परत मध्ये आणतो आणि कुल्हड भरताना वरून थोडी ठेवतो. कुल्हड संपलं तरी लोक तिथेच कोंडाळं करून उभे. बोलण्याचा विषय एकच, उद्या किती उतरणार. कुणी म्हणे सात, कुणी म्हणे सहा. मी आता जाणकार झाले होते, विचारलं, "पेटीतला की पानावरचा?" कुणी लक्ष दिलं नाही.

निघायच्या दिवशी अण्णांनी दादाकडे एक खोकं पाठवलं होतं. कागद लावायच्या आधीच्या, लवकर आलेल्या झाडांवरचे घड, फिकट गुलाबी. एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या सीटवरच्या मुलीनं विचारलं, ही कुठली नवी जात? तिला चार मणी दिले. सोबत चिवडाही निघाला, त्यामुळे कसाऱ्यापर्यंत आमची चांगली ओळख झाली.

घरी पोचल्यावर काही दिवसांनी दादाचा फोन आला. ढग आले होते, पारा चढला होता. मी म्हटलं, सुटले बिचारे अण्णा. "कुठले सुटले," दादा म्हणाला, "ढगाळ झालं की भुरी. पहाटेपासून फवारणीचा ट्रॅक्टर बागेत आहे." आणि गहू? "गव्हाचं विचारू नको. चुलतभाऊ थंडी गेली म्हणून अण्णांवरच रुसलाय."